वाचलेला तास कुणाचा?

मंडळी, १२ जानेवारी २०२४ ला लोकल खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत आली आणि आमची अकरावी-बारावीची पोरं सुटली! त्याआधी नेरूळ-बेलापूरला शिकायला जायचं म्हणजे बस, आणि बसच्या पुढेमागे न्हावाशेवा बंदराचे कंटेनर. पोर घरी यायचं ते पेंगतच.

आता वेळ वाचतो. पण तो जातो कुठे? क्लासमध्ये! सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री टेस्टची तयारी... पिरवाडीचा समुद्र जवळ असून रविवारीच दिसणार, तोही टेस्ट नसेल तर.

माझं मत विचाराल तर हा तास पोरांचाच. खेळू देत, नाहीतर नुसतं लोळू देत. गाडी हवी होती ती त्यांची दमछाक थांबावी म्हणून, आणखी एक क्लास लावता यावा म्हणून नव्हे. पटतंय का?