उलट्या दिशेची गाडी

भाईंदरच्या माणसाला रात्रीच्या गाडीने बडोद्याला जायचं असेल तर तो आधी कुठे जातो? दक्षिणेला! म्हणजे बघा, बडोदं उत्तरेला, गाडीही उत्तरेला जाणारी, आणि हा बाबा बॅगा उचलून बोरिवलीला निघालाय. तिथे फलाटावर तासभर डास मारायचे, गाडीत चढायचं आणि दहा-बारा मिनिटांत खिडकीतून आपलंच स्टेशन मागे पळताना बघायचं. असलं लॉजिक मी कोडमध्ये लिहिलं तर टीम लीड मला खुर्चीसकट बाहेर काढेल.

मे २०२४ मध्ये आईला घेऊन मामाकडे निघालो होतो. "लोकलने का नाही गेलास?" हा प्रश्न येणार, माहितेय. आईचे गुडघे, दोन बॅगा आणि आंब्याची पेटी. लोकल थांबते त्या अर्ध्या मिनिटात हे सगळं एकट्याने चढवून दाखवा, मग बोलू. म्हणून टॅक्सी. आणि टॅक्सी म्हटली की आला दहिसरचा चेकनाका, आमची बॉर्डर!

वाघ्यासारखं संचलन तेवढं होत नाही, बाकी सगळं आहे. बृहन्मुंबईची हद्द १९५७ साली दहिसरपर्यंत सरकली आणि तिथेच थबकली. आमचा फोनचा कोड ०२२, लोकल तीच, नोकऱ्या तिकडेच. पण जिल्हा ठाणे, महापालिका २००२ पासून स्वतंत्र, पोलीस आयुक्तालयही २०२० पासून वेगळं. जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली. छोट्या गाड्यांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री गेला, म्हणजे आमच्या प्रवासानंतर पाच महिन्यांनी. नशीब! त्या रात्री ४५ रुपये मोजले. पैशांचं सोडा हो, रांगेत पस्तीस मिनिटं गेली त्याचं काय? आई दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती आणि मी "पोचू गं, पोचू" म्हणत होतो. तिला कमी, स्वतःलाच जास्त.

धापा टाकत पोचलो, तर गाडीच चाळीस मिनिटं लेट. आईला बाकड्याचा एक कोपरा मिळाला, मी पेटीची राखण करत उभा. शेवटी गाडीत बसलो, भाईंदर आलं आणि गेलं. "अरे, हे आपलंच ना?" आईने विचारलं. मी नुसती मान हलवली.

आता यावरचा नेहमीचा युक्तिवाद: नऊ-दहा किलोमीटरवर बोरिवली, तेवढ्याच अंतरावर पलीकडे वसई रोड, मग मध्ये थांबा कशाला? नकाशावर पट्टी ठेवली तर बरोबर आहे. पण भाईंदर आणि वसईच्या मध्ये खाडी आहे राव! रस्त्याने जायचं तर घोडबंदर, वर्सोवा पूल, महामार्ग असा भलामोठा वळसा. रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली हे ठीक, पण मध्यरात्री बोट कुठून आणू? आणि २०११ च्या जनगणनेत आम्ही ८ लाख ९ हजार होतो. याहून कितीतरी लहान गावांत एक्सप्रेस गाड्या थांबतात.

खरी अडचण दुसरीच आहे आणि ती मी मान्य करतो. एवढ्या लांब गाडीला बावीस-चोवीस डब्यांचा फलाट लागतो, लोकलचा असतो बारा-पंधरा डब्यांचा. शिवाय थांबलेल्या एक्सप्रेसच्या मागे लोकल तुंबतात. संध्याकाळी सातला कुणी थांबा मागितला तर मीच त्याला वेड्यात काढेन. पण रात्री बारानंतर लोकल असतात किती? आणि फलाट म्हणजे काय हिमालय आहे? वाढवता येतो.

रेल्वे सहा-सहा महिन्यांचे प्रायोगिक थांबे देतेच. तसाच एक द्या. रात्रीच्या दोन गाड्या, दोन-दोन मिनिटं. तिकिटं खपली नाहीत तर सहा महिन्यांनी खुशाल बंद करा, आम्ही मुकाट्याने पुन्हा दक्षिणेला जाऊ.