रेंज नकाशात नको, घरात हवी

२०२०च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढावा लागला, कारण गावात रेंज नव्हती. पुढे ५जी आले, वेगाच्या जाहिराती झळकल्या. मेळघाट, धडगाव, भामरागडकडे मात्र सिम घेताना पहिला प्रश्न तोच असतो : ‘इथं रेंज कुणाची येते?’

त्याचे उत्तर देणे आता कंपन्यांना बंधनकारक आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२४च्या नियमांनुसार जिओ, एअरटेल, व्ही, बीएसएनएल या सर्वांनी २जीपासून ५जीपर्यंत कोणती सेवा कुठे मिळते, याचे नकाशे संकेतस्थळावर द्यायचे आहेत. ग्राहकाच्या हाती आलेले हे मोठे साधन आहे.

पण नकाशात गाव रंगले म्हणजे स्वयंपाकघरात फोन लागतोच असे नाही. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात, भिंतीही बऱ्यापैकी भेदतात. ५जीसाठीच्या ३,३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी वेग देतात, पण लवकर विरतात. त्यात सह्याद्रीची एखादी सोंड आडवी आली, की अलीकडच्या वाडीत पूर्ण रेंज आणि पलीकडे शून्य!

म्हणूनच सेवेच्या दर्जाची सरासरी फसवी ठरते. दूरसंचार परवान्यांच्या हिशेबात मुंबई वेगळी, तर बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल. पुणे आणि भामरागड एकाच आकड्यात बसवले, तर भामरागडची अडचण दिसणार कशी?

जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. हा हक्क पुण्यात उपयोगी पडतो. जिथे एकाच कंपनीचा टॉवर आहे, तिथे बदलून जायचे कुठे?

यावर उपाय आहे आणि तो सुरूही झाला आहे. सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनाही सेवा देण्याची सोय जानेवारी २०२५मध्ये सुरू झाली. एकच टॉवर असलेल्या प्रत्येक गावात ती सक्तीची करावी. दवाखान्याला किंवा रुग्णवाहिकेला फोन लावणाऱ्याचे सिम कोणते, यावर त्याची सुटका अवलंबून असू नये.

‘ट्राय’च्या चाचणी गाड्या शहरांत आणि महामार्गांवर फिरतात, त्या पाड्यांपर्यंतही गेल्या पाहिजेत. ग्रामपंचायतींनी हे नकाशे ग्रामसभेत उघडून वाडीवार तपासावेत आणि जिथे रंग खोटा निघेल, तिथे ठराव करून लेखी तक्रार द्यावी. अशा तक्रारी खऱ्या ठरल्या, तर कंपनीला दंड झालाच पाहिजे.