रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा आणि लेझरचा बाजार

पाळी कायमची थांबली की शरीरातील इस्ट्रोजेन घटते. योनीचे अस्तर पातळ होते, त्यातील ग्लायकोजेन कमी होते, त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू रोडावतात आणि तेथील आम्लता उतरते. कोरडेपणा, जळजळ, संबंधाच्या वेळची वेदना आणि वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग हे त्याचे परिणाम. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुधा काही वर्षांत ओसरतात. हा त्रास मात्र उपचारांवाचून सहसा जात नाही. नेमक्या याच त्रासावर भारतातील खासगी दवाखाने ‘कायाकल्प’ अशा गोंडस नावांनी कार्बन डायऑक्साइड लेझर विकत आहेत.

लेझरमागचे भौतिकशास्त्र खरे आहे. १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाण्यात तत्काळ शोषला जातो, त्यामुळे ऊतीचा अगदी वरचा थर वाफ होऊन उडतो. या सूक्ष्म जखमा भरताना नवे कोलॅजेन तयार होईल, असा दावा केला जातो. परंतु किरण कोठे शोषला जातो हे ठाऊक असणे वेगळे आणि रुग्ण बरी होते हे दाखवणे वेगळे. सिडनीतील चाचणीत ८५ स्त्रियांपैकी काहींना खरा लेझर दिला गेला, उरलेल्यांना लुटुपुटीचा. २०२१ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बारा महिन्यांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेच्या एफडीएने तर २०१८ मध्येच भाजणे, व्रण आणि दीर्घकालीन वेदना यांचा इशारा दिला होता. तरीही जाहिराती थांबलेल्या नाहीत.

दुसरीकडे, कमी मात्रेचे स्थानिक इस्ट्रोजेन मलम किंवा गोळी रक्तात अत्यल्प उतरते. पण २००२ च्या अमेरिकी अभ्यासातील तोंडाने घ्यायच्या संप्रेरकांची भीती तिच्याही माथी मारली गेली. (स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी मात्र तज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.) इस्ट्रोजेनच्या कैवाऱ्यांनीही २०१८ ची ३०२ स्त्रियांची चाचणी विसरू नये: बारा आठवड्यांत १० मायक्रोग्रॅमची गोळी, मॉइश्चरायझर आणि निव्वळ प्लासिबो या तिन्ही गटांत त्रास जवळपास सारखाच घटला. म्हणजे सौम्य त्रासात साध्या जेलपासून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही. अर्थात जेलही पारखून घ्यावे. ग्लिसरीनचे प्रमाण फार असेल तर परासरणाने पेशींतीलच पाणी बाहेर ओढले जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये वंगणांसाठी किलोमागे १,२०० मिलिऑस्मोलची कमाल मर्यादा सुचवली. हा आकडा प्रत्येक वेष्टनावर छापणे बंधनकारक का नसावे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील स्त्रियांची प्रश्नावली १५ ते ४९ या वयोगटापुरती आहे. पन्नाशीच्या स्त्रीला ही पाहणी काहीच विचारत नाही; लेझरचा विक्रेता मात्र विचारतो.