मापात पाप, स्पीडमध्येसुद्धा

किराणा दुकानदाराने किलोच्या पैशांत आठशे ग्रॅम साखर दिली, तर आपण पिशवी तिथेच काउंटरवर ठेवतो आणि जाब विचारतो. पण १०० एमबीपीएसचे पैसे घेऊन इंटरनेट कंपनीने मधेच ४० द्यायला सुरुवात केली, तर आपण राउटर दोनदा बंद-चालू करतो, ‘आजकाल नेट असंच चालतं’ म्हणतो आणि गप्प बसतो. साखर डोळ्यांना दिसते, स्पीड दिसत नाही, एवढाच काय तो फरक. माप दोन्हीकडे मारलं जातं.

कुरआनात मापात खोट करणाऱ्यांबद्दल ‘अल-मुतफ्फिफीन’ नावाची एक स्वतंत्र सूरह आहे. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे, अशा लोकांना तिच्या सुरुवातीलाच सक्त इशारा आहे. हजरत शुऐब यांनी आपल्या कौमला दिलेली शिकवणही माप-तोल पूर्ण द्या, हीच. जुम्माच्या बयानात आपण हे ऐकतो आणि बाजारातला तराजू डोळ्यांसमोर आणतो. आज महिन्याचं बिल भरून घेतलेला स्पीड हाही त्याच तराजूतला माल आहे.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका घराने वर्षभराचे पैसे आगाऊ भरले होते. चौथ्या महिन्यात मेसेज आला, ‘आपला प्लॅन अपडेट झाला आहे.’ अपडेट म्हणजे स्पीड निम्म्याहून कमी. त्या घरात दोन मुलांचा ऑनलाइन क्लास चालतो, आई शिवणकामाच्या ऑर्डरी व्हिडिओ कॉलवर घेते. तक्रार करा म्हटलं, तर उत्तर आलं, “सर, वायर जोडणारा पोरगा आपल्याच गल्लीतला. त्याच्या अम्मीला रोज सलाम करतो. कसं बोलायचं?”

हा संकोच मला समजतो. पण करार त्या पोराशी झालेला नाही. बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे, तिच्याशी झालेला आहे. प्लॅन त्याने बदलला नाही आणि पूर्ववत करणंही त्याच्या हातात नाही. त्याच्यावर आवाज चढवणं चूक आणि त्याच्या लिहाजाखातर हक्क सोडून देणं हीही चूकच.

आरोप करण्याआधी मात्र तहकीक हवी. भिंतीआडच्या वायफायवर मोजलेला स्पीड पुरावा ठरत नाही. लॅपटॉपला राउटरची केबल लावा, बाकी उपकरणं बंद करा आणि सकाळ, संध्याकाळ, रात्र असे तीन-चार दिवस मोजा. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. एक गफलत नेहमी होते: १०० एमबीपीएसवर फाइल सेकंदाला १०० नव्हे, तर साधारण १२ एमबी वेगाने उतरते, कारण आठ बिट मिळून एक बाइट होतो. महिन्याची डेटा मर्यादा संपली का, तेही पाहा. ती संपल्यावर स्पीड उतरणार हे प्लॅनमध्ये लिहिलेलं असेल, तर ती फसवणूक नव्हे. मात्र ही मर्यादा आणि नंतरचा स्पीड ग्राहकाला स्पष्ट सांगितलाच पाहिजे, असा आदेश दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१६ साली दिला आहे.

एवढं करूनही माप कमीच भरलं, तर रस्ता सरळ आहे. कंपनीच्या तक्रार केंद्राला ईमेल करा किंवा फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार म्हणजे नुसत्या गप्पा. मागणी नेमकी लिहा: जुना स्पीड परत द्या, नाहीतर दर कमी करा, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करून मला मोकळं करा. समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. २०१२ च्या नियमांनुसार ही व्यवस्था ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे आणि अपिलाला शुल्क नाही. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज पाठवून वाट पाहत बसू नका.

पुढची पायरी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक, आणि शेवटची जिल्हा ग्राहक आयोग. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या प्रकरणात ग्राहक दाद मागू शकतो, हे स्पष्ट केलं. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

“दुसरी कंपनी घ्या ना,” असं सहज म्हटलं जातं. पण ब्रॉडबँडला मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी नाही, आणि कित्येक गल्ल्यांत एकाच कंपनीची वायर पोचलेली असते. जिथे सोडून जाण्याची सोय नाही, तिथे लेखी तक्रार हाच ग्राहकाचा खरा जोर. एकाच मजल्यावरच्या पाच घरांनी एकाच आठवड्यात पाच तक्रार क्रमांक घेतले, तर कंपनीला ते टाळणं अवघड जातं.

आपल्याकडे अशा वेळी सब्र करायला सांगतात. सब्र म्हणजे संकटात पाय रोवून उभं राहणं. समोरच्याला माप मारू देणं म्हणजे सब्र नव्हे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असं सांगणारी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. ज्या दीनने व्यवहार कागदावर आणायला इतक्या तपशिलात शिकवलं, त्याच्या माणसांनी प्लॅनचा स्क्रीनशॉट, पावती आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायला लाजू नये. आणि आपल्यातले जे स्वतः गल्लीत कनेक्शन विकतात, त्यांनी आपलं मापही एकदा तपासून घ्यावं.