पाऊल चुकलं म्हणे!

रेसमध्ये घोड्याचा पाय मोडतो, त्याच्याभोवती पडदा धरतात, तिथेच इंजेक्शन देतात. आणि मग रेसवाल्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: "पाऊल चुकलं बिचाऱ्याचं." हे वाक्य आमच्या घरातही आहे. आमचे एक काका जन्मभर महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला रेस बघत आले. त्यांच्याशी ह्यावरून फोनवर दोनदा भांडण झालंय. (काका, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. म्हणूनच लिहितोय.) मला ह्या वाक्याचा राग येतो, कारण ते बहुतेक वेळा खोटं असतं. आणि ते खोटं आहे हे रेसच्या धंद्याला आज तीसेक वर्षं ठाऊक आहे.

कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन होतं. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या पशुवैद्य स्यू स्टोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोडलेली हाडं वर्षानुवर्षं तपासली. त्यांना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. हाड जिथे मोडलं, तिथे ते आधीपासूनच खराब होत आलेलं होतं. बारीक चिरा, त्या बुजवायला धडपडणारं नवं हाड, आणि तेवढ्यात पुढची रेस.

हे कसं होतं ते समजायला डॉक्टर असावं लागत नाही. साधारण पाचशे किलोचं जनावर भरधाव पळतं, तेव्हा एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो, तोही वजनाच्या जवळजवळ अडीचपट. तो झेलतो खुराच्या वरचा सांधा, फेटलॉक. त्याच्या मागे सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडं असतात. नावाचा अर्थ तिळासारखी! पाचशे किलोचं जनावर तिळावर तोलायचं म्हणजे बघा. हाड जिवंत असतं, प्रत्येक जोरदार पळण्यात झिजतं आणि विश्रांतीत भरून निघतं. भरून निघायला वेळ दिला नाही की चीर वाढत जाते. घोडा कधी किंचित लंगडतो, कधी तेही नाही. दुखणाऱ्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की सूज उतरते, लंगडणं थांबतं. चीर तिथेच राहते.

आणि पाय मोडला तर प्लॅस्टर का नाही घालत, असं आमच्या मुलीने विचारलं होतं. बार्बारोला घातलं होतं. २००६ ची केंटकी डर्बी त्याने जिंकली आणि दोनच आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पैसा, सर्जन, कशाचीच कमी नव्हती. पण घोडा महिनोन्महिने आडवा पडून राहू शकत नाही. एका पायाचा भार दुसऱ्यांवर गेला, खुरं आतून सुटायला लागली. जानेवारी २००७ मध्ये त्याला मारावंच लागलं.

आता सांता अनिता. लॉस एंजेलिसजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, दृष्ट लागावा इतका देखणा रेसकोर्स. २०१८ च्या डिसेंबरअखेरीपासून २०१९ च्या मार्चअखेरीपर्यंत तिथे २३ घोडे गेले, काही रेसमध्ये, काही सकाळच्या सरावात. त्या हिवाळ्यात पाऊस धो धो पडला होता, म्हणून आधी ट्रॅकवर संशय घेतला. जमिनीच्या आत बघणारं रडारसुद्धा लावलं. मोठा दोष सापडला नाही. मार्च २०२० मध्ये राज्याच्या रेसिंग बोर्डाचा अहवाल आला. २३ पैकी २२ घोडे हाडं किंवा सांधे निकामी होऊन गेलेले. त्या २२ पैकी २१ जणांना नेमक्या त्याच जागी आधीची दुखापत होती. बंदी असलेलं औषध एकाच्याही शरीरात नाही. पावसाचा हात होता, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. शिवाय रेसमध्ये पुरेसे घोडे उतरावेत म्हणून दबाव होता, असंही ट्रेनर आणि पशुवैद्यांनी सांगितलं.

बावीसपैकी एकवीस! ह्याला पाऊल चुकणं म्हणायचं? मग पुलाचे खांब गंजलेले ठेवायचे आणि पूल पडला की नदीला दोष द्यायचा, त्यातलाच प्रकार.

ट्रॅकचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये मोठ्या रेसकोर्सना मातीऐवजी कृत्रिम ट्रॅक करायला लावलं होतं. सांता अनितानेही केला. त्यातून पाण्याचा निचरा नीट होईना, हे खरं. पण तो दुरुस्त करण्यापेक्षा काढायची घाई जास्त होती, कारण मालक, ट्रेनर आणि पैसे लावणारे, सगळ्यांना माती हवी होती. २०१० च्या अखेरीस माती परत आली. अमेरिकेत २००९ पासून देशभरातल्या रेसमधल्या मृत्यूंची नोंद ठेवतात. त्या आकड्यांत कृत्रिम ट्रॅकवर घोडे कमी मरतात आणि मातीवर जास्त. दुसऱ्या वर्षीही तेच, दहाव्या वर्षीही तेच. आवडीनिवडीची किंमत कुणी मोजली ते उघड आहे.

ह्याच नोंदींवरून धोक्याची कारणं काढली गेली. आधी दुखापत झालेला किंवा पशुवैद्याच्या यादीत गेलेला घोडा. नुकताच ट्रेनर बदललेला घोडा. खालच्या किमतीच्या रेसमध्ये उतरवलेला घोडा. मोठ्या सुटीनंतर घाईने परत आणलेला घोडा. ह्यातलं घोड्याने स्वतः ठरवलेलं काय आहे हो? (जाता जाता प्राणिमित्रांनाही एक चिमटा. दोन वर्षांच्या घोड्याला पळवू नका असं आपण सगळेच म्हणतो. पण दुसऱ्या वर्षी धावायला लागलेल्या घोड्यांना पुढे धोका कमी दिसतो, कोवळं हाड ताणाला सरावतं म्हणून. रागाच्या भरात आकडे विसरू नयेत.)

सगळ्यात संताप येतो तो न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्वेडक्टचा. तिथे २०११-१२ च्या हिवाळ्यात चार महिन्यांच्या आत २१ घोडे गेले. ते समजायला 'क्लेमिंग रेस' म्हणजे काय ते कळायला हवं. ह्या रेसमधला प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विक्रीला असतो. रेसच्या आधी कुणीही चिठ्ठी टाकायची, रेस सुरू झाली की घोडा नव्या मालकाचा. आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे घोडा मेला तरी नव्याचाच! म्हणजे दुखऱ्या पायाचा घोडा खपवायला ह्याहून सोयीची जागा नाही. त्यात रेसकोर्सवर नुकताच कसिनो सुरू झाला होता, त्याच्या पैशाने बक्षिसं फुगली. घोड्याच्या किमतीपेक्षा बक्षीस कितीतरी पट. अशा हिशोबात जनावर जपून ठेवणारा वेडा ठरतो. चौकशी समितीने म्हटलं की ह्यातले निम्म्याहून जास्त मृत्यू कदाचित टाळता आले असते. २०१२ मध्ये नियम बदलला, घोडा मेला तर सौदा रद्द. इतकी साधी गोष्ट करायला २१ घोडे लागले.

"अरे, हजारात एक-दोन मरतात, माणसं रस्त्यावर ह्याहून जास्त मरतात," हे काकांचं दुसरं वाक्य. २००९ मध्ये अमेरिकेत दर हजार धावांमागे २ मृत्यू होते. एका रेसमध्ये सात-आठ घोडे धरले तर साधारण ६५-७० रेसमागे एक. दिवसाला नऊ-दहा रेस होत असतील तर रेसच्या दर सातव्या दिवशी एक पडदा. आणि ह्यात रेसनंतर तीन दिवसांच्या आत मेलेलेच धरतात. सकाळच्या सरावात मेलेले धरत नाहीत, बार्बारोसारखे आठ महिन्यांनी मेलेलेही नाहीत.

बरं, हा आकडा देवाने ठरवून दिलेलाही नाही. २०२२ पासून अमेरिकेत केंद्रीय कायद्याखाली सुरक्षेचे समान नियम आले. रेसआधीची तपासणी, सांध्यातल्या इंजेक्शननंतर १४ दिवस रेस नाही, वगैरे. काही राज्यांतले ट्रॅक कोर्टकज्जे करून किंवा सरळ नकार देऊन बाहेर राहिले. २०२४ चे आकडे बघा: नियमाखालच्या ट्रॅकवर हजारी ०.९०, बाहेरच्यांवर १.७६. देश एकच, वर्ष एकच, घोड्यांची जातही एकच.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर ह्याहून बोलकं आहे. २०१३ ते २०२० ह्या काळात मेलबर्न कपमध्ये धावलेले सहा घोडे गेले. एकाचं हृदय बंद पडलं, एक रेसनंतर झेंड्याला बुजला, बाकीच्यांत पाय मोडलेलेच जास्त. शेवटचा अँथनी व्हॅन डाइक, २०१९ ची एप्सम डर्बी जिंकलेला. मग २०२१ मध्ये कपआधी पायांचं सीटी स्कॅन सक्तीचं झालं. पुढच्या चार कपांत, २०२४ पर्यंत, एकही घोडा गेला नाही. परदेशी घोडे कमी यायला लागले हेही खरं, पण तेवढ्याने हिशोब पुरा होत नाही.

ह्या स्कॅनवर चिडणारेही आहेत. २०२४ मध्ये जान ब्रूगल नावाचा आयर्लंडचा घोडा कपच्या तोंडावर स्कॅन बघून बाद केला. त्याचे ट्रेनर एडन ओब्रायन जाहीरपणे चिडले, घोडा ठणठणीत आहे म्हणाले. पुढच्या जूनमध्ये त्याच घोड्याने एप्समला कोरोनेशन कप जिंकला. बघा, म्हणजे पशुवैद्यच चुकले, असं म्हणणारे लगेच निघाले. चुकलेही असतील. जान ब्रूगल एक रेस हुकला आणि सात महिन्यांनी दुसरी जिंकला. अँथनी व्हॅन डाइक ह्याच ओब्रायनांच्या तबेल्यातला होता. त्याला कुणी बाद केलं नव्हतं.