हाताला न पटलेले गणित

आयडी सॉफ्टवेअरने २००५ साली ‘क्वेक ३ अरेना’चा सोर्स कोड खुला केला. त्यात खेळाडूला वेग देणाऱ्या फंक्शनमध्ये दोन पद्धती एकाखाली एक लिहिलेल्या आहेत. पहिली चालू आहे, दुसरी बंद. बंद पद्धतीवरच्या शेऱ्याचा मथितार्थ असा: योग्य पद्धत हीच, हिच्यामुळे स्ट्रेफ जंपने कमाल वेग ओलांडण्याची चूक टळते, पण खेळताना बरे वाटत नाही. म्हणजे चूक सापडली होती, दुरुस्ती लिहून तयार होती, आणि तरीही १९९९च्या डिसेंबरात खेळ बाजारात आला तो चुकीसकट. हालचालीचा हा विशेषांक वाचायला घेण्यापूर्वी तो शेरा प्रत्येकाने मूळ फाइल उघडून वाचावा.

चूक कोणती ते आधी पाहू. जमिनीवर धावण्याची मर्यादा सेकंदाला ३२० एकके आहे. पण कोड खेळाडूचा एकूण वेग मोजतच नाही. खेळाडू ज्या दिशेला जाऊ मागतो, त्या दिशेने त्याच्या वेगाचा किती भाग पडतो, एवढेच तो तपासतो. समजा खेळाडू हवेत ४००च्या वेगाने चालला आहे आणि कळा व माउस मिळून त्याने मागितलेली दिशा त्याच्या मार्गापासून ६० अंशांवर आहे. त्या दिशेने वेग भरतो फक्त २००. कोडच्या हिशेबी गडी अजून मंदच आहे, म्हणून तो आणखी वेग देतो. ८ मिलिसेकंदांच्या एका फ्रेममध्ये एकूण वेगात पडणारी भर जेमतेम सव्वा एकक. पण सपाट जमिनीवरची एक उडी साधारण ८४ फ्रेम चालते. तेवढा वेळ माउसने कोन सांभाळला की भर साचत जाते. पाय टेकताक्षणी पुन्हा उडी घेतली तर जमिनीचे घर्षण लागतच नाही, आणि त्यासाठी उडीची कळ हवेत असतानाच पुन्हा दाबून धरलेली चालते. ‘द कॅम्पिंग ग्राउंड्स’ या नकाशात पुलावरून थेट रेलगनकडे घेतली जाणारी उडी याच हिशेबावर उभी आहे.

आता बंद ठेवलेली ‘योग्य’ पद्धत. असलेला वेग आणि मागितलेला वेग यांतला फरक काढून ती खेळाडूला त्या फरकाच्या दिशेने ढकलते. कागदावर यात खोट काढता येणार नाही. हातात मात्र वेगळेच घडते. पुढे झेपावताना बाजूची कळ दाबली की आधी कमावलेला पुढचा वेग कापला जातो. खेळाडूने वळण मागितले होते, ब्रेक मागितला नव्हता. आमच्या मते सगळे मर्म इथे आहे: कमावलेला वेग खेळाडूचा असतो, आणि न मागता तो काढून घेतला की हात लगेच तक्रार करतो. ती तक्रार कोणत्याही बग-यादीत सापडत नाही.

‘डूम’नेही १९९३ मध्ये हेच पाळले होते. सेकंदाला ३५ टिक, आणि दर टिकला साधारण ९० टक्के वेग शिल्लक. म्हणजे कळ सोडल्यावर सात टिकांत वेग निम्म्यावर येतो. पाय किंचित घसरतो, पण कुठे थांबणार याचा अंदाज हाताला असतो. धावताना पुढचा जोर ५० आणि बाजूचा ४० एकत्र लावला की ६४ होतो. तिरके धावणे जलद ठरते ते इतक्या साध्या बेरजेमुळे.

याचा अर्थ प्रत्येक चूक जपून ठेवावी असा नाही. क्वेक ३ मध्येच उडीची उंची फ्रेम रेटवर अवलंबून होती, म्हणून जाणकार १२५ फ्रेमवर अडून बसत. ज्याचे यंत्र कमी ताकदीचे, त्याचा पल्ला कमी. हा सरळ अन्याय होता आणि तो दूर करणारी सेटिंगही पुढे आली. व्हॉल्व्हने ‘हाफ-लाइफ’मध्ये वेगळा निर्णय घेतला: उडी घेताना वेग कमाल मर्यादेच्या १.७ पटीपलीकडे असेल तर तो कापायचा. कथेच्या ओघात चालणाऱ्या खेळाला ते शोभते. नवख्याला जे कुठेच सांगितले जात नाही अशा कसबावर सामना ठरावा का, हा आक्षेपही रास्त आहे. मात्र त्यावर उपाय ते कसब शिकवण्याचा आहे. हालचाल बोथट करण्याचा नव्हे.

आपल्याकडच्या छोट्या चमूंची अडचण याच्याही अलीकडची आहे. अनरियलचा कॅरेक्टर मूव्हमेंट घटक घेतला की एअर कंट्रोल ०.०५ आणि घर्षण ८ हे आकडे आयते मिळतात. युनिटीचा कॅरेक्टर कंट्रोलर तर दिलेल्या दिशेने सरकवतो आणि गप्प बसतो. वेग पुढच्या फ्रेमपर्यंत राखायचा की नाही, हे आपल्यालाच लिहावे लागते. बहुतेक प्रोटोटाइपमध्ये ते लिहिलेले नसते. कळ सोडली की पात्र जागच्या जागी गोठते, आणि मग गोळीचा आवाज आणि कॅमेऱ्याचे हिसके यांवर महिने जातात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. बंदूक हातात देण्याआधी रिकाम्या खोलीत चार खोकी ठेवून पात्र धावडवा. गती वाढणे, थांबणे, हवेत वळणे आणि पाय टेकणे यांचे आकडे वेगळे ठेवा, खेळ चालू असताना बदलता येतील असे. ते पक्के झाल्यावरच नकाशे आखा, कारण दोन कठड्यांमधले अंतर शेवटी याच आकड्यांवरून ठरते. नकाशे झाल्यावर घर्षण बदलले तर सगळी मापे नव्याने घ्यावी लागतात. आणि दुरुस्ती केल्यावर खेळाडूची कुरबूर आली, तर गणित बरोबर आहे हे उत्तर त्याला देऊ नका. ज्यांना ते गणित आपल्यापेक्षा चांगले येत होते, त्यांनीही ते दिले नाही.