एक नदी, तीन पाणी : चिपळूणच्या रहिवासी व व्यापाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी
मा. मुख्य अभियंता, जलसंपदा विभाग, कोकण प्रदेश
मा. मुख्याधिकारी, चिपळूण नगर परिषद

विषय : वाशिष्ठी व शिव नद्यांचे पाणी, गाळ, पूररेषा आणि शहरातील वस्तीची सुरक्षितता

महोदय,

चिपळूणच्या पुराबद्दल निवेदने देऊन झाली, उपोषणे करून झाली, पाहणी दौऱ्यांना चहापाणी करून झाले. तरी हे मागणीपत्र देत आहोत, कारण आजवर मागण्या सुट्या सुट्या गेल्या आणि उत्तरेही तशीच सुटी आली. गाळाचे विचारले की एक खाते बोलते, वीजप्रकल्पातून येणाऱ्या अवजलाचे विचारले की दुसरे, पूररेषेचे विचारले की तिसरे. आमची मूळ मागणी एकच आहे. चिपळुणात येणाऱ्या सगळ्या पाण्याचा हिशेब एका जागी, एका जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने ठेवला जावा आणि तो लोकांना वेळेत कळावा. बाकीचे सारे त्यातूनच निघते.

आधी जागा कशी आहे ते पाहू. शहर वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर आहे. पूर्वेला कुंभार्ली घाट, पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर दाभोळचे मुख. सह्याद्रीवरून धावत येणारी नदी इथे एकदम सपाटीला लागते आणि नेमकी इथपर्यंतच खाडीची भरती पोचते. वरून आलेला जोर इथे मोडतो, नदी हातातले ओझे टाकते, आणि पात्रात गाळाची बेटे उभी राहतात. आम्ही त्यांना जुवाड म्हणतो. भरीला शिव नदी थेट शहरातून वाहत येते. वाशिष्ठी फुगली की शिवला पुढे जायला वाट राहत नाही, मग तिचे पाणी मागे सरून बाजारपेठेत शिरते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात हे दर पावसाळ्याचे गणित आहे.

पण पाऊस आणि भरती ही दोनच पाणी झाली. तिसरे माणसाने आणलेले. कोयनेचे पाणी निसर्गाने कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला दिले होते. ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या अलीकडे उतरवून पोफळी, अलोरे, कोळकेवाडी इथे वीज तयार होते आणि उरलेले पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठीत येते. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणी तंटा लवादाची मान्यता आहे. या अवजलामुळे भर मे महिन्यातही वाशिष्ठी वाहती राहते, हे आम्ही नाकारत नाही. घाटावरच्या लोकांना हेवा वाटावा अशी ती गोष्ट आहे. मात्र घाटात ढग फुटल्यासारखा पाऊस, खाडीला उधाण आणि त्याच तासांत अवजल, अशी तिन्ही पाणी एकत्र आली तर शहराचे काय होते, हे २२ जुलै २०२१ ला सगळ्या राज्याने पाहिले. त्या दिवशी गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे खाडीलाही उधाणच होते.

त्या पुरात अवजलाचा वाटा किती होता, यावर गेली काही वर्षे आमच्याकडे चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत वाद चालू आहे. वाद मिटवायचा उपाय साधा आहे. २१ आणि २२ जुलै २०२१ चे, तासागणिक सोडलेल्या पाण्याचे, घाटमाथ्यावरच्या पावसाचे आणि भरती-ओहोटीचे आकडे एकाच तक्त्यात छापून जाहीर करा. आकडे शासनाच्या बाजूचे निघाले तर आम्ही तसे चारचौघांत म्हणू. आणि पुढच्या १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत हाच तक्ता रोज चिंचनाका, बहादूरशेख नाका आणि गोवळकोट इथे फलकावर आणि मोबाइलवर मिळावा. अतिवृष्टी आणि उधाण एकाच वेळी असेल तेव्हा वीजनिर्मिती कमी किंवा बंद करण्याचा हुकूम कोणी द्यायचा, किती वाजेपर्यंत द्यायचा, आणि तो पाळला की नाही हे कोणी तपासायचे, हे लेखी ठरावे. आज रात्री दोन वाजता आम्ही कोणाला फोन करायचा, हेच ठरलेले नाही.

आम्हाला हमखास ऐकवले जाते, की तुम्हीच नदीत घुसलात, मग नदी घरात आली तर बोंब कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे. चिपळूणची पेठ नदीकाठी आहे, कारण नदी हा रस्ता होता. मुंबईहून माल दाभोळच्या खाडीतून पडावांनी गोवळकोटच्या बंदरात यायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्लीमार्गे देशावर जायचा. गोवळकोटच्या टेकडीवरचा किल्ला त्या वाटेवरच्या पहाऱ्यासाठीच. तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता. १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी तो घेतला. समोरच्या डोंगरावर परशुरामाचे देवस्थान, खाली बंदर, मध्ये बाजार. या पेठेला अतिक्रमण म्हणायचे तर चिपळूण नावाचे गावच अतिक्रमण ठरेल.

पावसाळ्याआधीच्या तयारीचा धडाही याच गावाच्या नावाने नोंदलेला आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांत चिपळूण परिसरात लष्कराची छावणी होती. तिथल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेकडून काही ओरबाडू नका, हवे ते बाजारातून विकत आणा, या अर्थाची आज्ञा सगळ्यांना ठाऊक असते. त्याच पत्रातला दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा तसाच जळत राहिला आणि उंदराने वात ओढून नेली तर गवताच्या गंज्या पेटतील, इथपर्यंत विचार केलेला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी उंदराचा हिशेब धरला गेला. आज आमच्याकडे आपत्ती आराखड्याची बैठक मिरग तोंडावर आला की भरते. ती फेब्रुवारीत व्हावी, आणि नागरिकांना तिथे बसायला नव्हे, बोलायला बोलवावे.

पूररेषेबद्दल आमचे म्हणणे नीट समजून घ्यावे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे आम्हाला मान्य आहे. रेषा नकोतच असे आम्ही म्हणत नाही. पण गाळाने भरलेल्या पात्रावर मोजमाप घेऊन ओढलेली रेषा जुन्या पेठेच्या माथी कायमची मारू नये. जुने वाडे मोडकळीला आले आहेत. दुरुस्तीला आणि पुनर्बांधणीला परवानगी मिळणे अवघड, आणि बँक त्या जागेवर कर्ज देत नाही. माणसाने करायचे काय? गाळ काढल्यानंतर पात्राची फेरमोजणी करून रेषा पुन्हा आखाव्यात. तळमजला मोकळा ठेवून, खांबांवर उंच बांधण्याच्या अटीवर जुन्या पेठेत पुनर्बांधणीला परवानगी मिळावी. त्याच वेळी गेल्या काही दशकांत नदीत आणि वहाळांच्या तोंडाशी भराव घालून उभी राहिलेली बांधकामे मोजून काढावीत, मग ती कोणाचीही असोत. आमच्यापैकी कोणाचे निघाले तरी आमची हरकत नाही. हा ठराव आमच्या सभेत सहज झाला नाही, पण झाला.

आता गाळ. डिसेंबर २०२१ मध्ये शहरातल्या लोकांनी गाळासाठी साखळी उपोषण केले. त्यानंतर यंत्रे आली, काम सुरू झाले, त्याचा उपयोगही दिसला. पण काढलेला गाळ गेला कुठे, हा प्रश्न विचारावाच लागतो. काठावर रचून ठेवलेला ढीग पहिल्या मोठ्या पावसात परत पात्रात उतरतो आणि पुढच्या वर्षी त्याच गाळाचे नवे अंदाजपत्रक होते. म्हणून किती घनमीटर काढला, कोणत्या ठिकाणाहून काढला, कोणत्या सर्व्हे नंबरमध्ये टाकला, याची नोंदवही नगर परिषदेत लोकांना पाहायला मिळावी. वाळू आणि गोटा वेगळा करून सार्वजनिक कामांना द्यावा. मातीचा गाळ भातशेतीला हवा असलेल्या शेतकऱ्यांना फुकट मिळावा. जुवाडांपैकी कोणती काढायची आणि कोणती ठेवायची, हे मात्र ठेकेदाराच्या सोयीने ठरू नये. काही जुवाडांवर पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आणि लागवड आहे.

गाळ खाली साचतो, पण तो येतो वरून. कोकणातले बरेच जंगल खासगी मालकीचे आहे आणि ते सपाट्याने तुटते. उतार उघडे पडले की माती थेट नदीला लागते. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली, तेही याच नदीच्या माथ्यावर. शहराला वाचवायचे काम तिवऱ्यापासून सुरू होते, शहरातल्या नाईक पुलापासून नव्हे. वरच्या खोऱ्यातल्या तोडीच्या परवान्यांवर आणि सर्व लहान धरणांच्या तपासणीवर दर वर्षी मेपूर्वी अहवाल जाहीर व्हावा.

आता माणसे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५५,१३९ होती, तालुक्याची पावणेतीन लाखांच्या पुढे. त्यानंतर मोजणीच झालेली नाही, पुढची आता २०२७ मध्ये होईल. पण नुसत्या बेरजेने हे शहर कळत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या आकड्यांमागचे चित्र कोकणात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कमावते मुंबईला, पुण्याला, आखातात. घरी म्हातारी माणसे आणि बायका. गणपतीला आणि शिमग्याला घर भरते, आषाढात मात्र रिकामे असते. आणि पूर येतो तो आषाढातच.

म्हणूनच आमच्याकडे पुराची सूचना नुसती मोबाइलवर पाठवून भागत नाही. पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, वडनाका, उक्ताड या भागांत तळमजल्यावर एकटी राहणारी, चालता न येणारी किती माणसे आहेत, याची यादी प्रभागवार तयार असावी आणि ती दर मेमध्ये ताजी व्हावी. प्रत्येक घराच्या नावासमोर त्या माणसाला वर नेणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावे असावीत. होड्या आणि त्या चालवणारे भोई, खारवी, दालदी बांधव नदीकाठीच आहेत. २०२१ मध्ये बाहेरून पथके पोचेपर्यंत माणसे याच हातांनी बाहेर काढली. त्यांची नोंद, विमा आणि मानधन पावसाळ्याआधी ठरवा, नंतर शाल-श्रीफळ नको.

२२ जुलैची पहाट इथे थोडी सांगावी लागेल, कारण कागदावर फक्त नुकसानीची रक्कम उरते. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर धरून, तिच्यावर हातभर जागा सोडून बाजारातल्या अनेकांनी माळे बांधले होते. मध्यरात्री पाणी वाढू लागले तसा माल माळ्यावर गेला. पाणी माळ्यावरही आले. कापडाचे तागे फुगून दाराला अडकले, फ्रीज तरंगत उलटे झाले, औषधांच्या दुकानातली खोकी लगदा होऊन गल्लीत पसरली. एसटीच्या आगारात तर आगार व्यवस्थापक आणि सहकारी तिकिटांची सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. शहरातल्या एका कोविड रुग्णालयात, वीज तुटलेल्या त्या दिवसांत, आठ रुग्ण दगावले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ नंतर दुसऱ्यांदा पाणी शिरले. ज्या गावाने २०१३ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवले, त्या गावाला पुस्तके उन्हात वाळत घालायची सवय व्हावी, ही काही मिरवायची गोष्ट नाही.

त्यावरून तीन गोष्टी मागतो. शहरातल्या प्रत्येक रुग्णालयाचे जनरेटर आणि प्राणवायूची सोय २०२१ च्या पाणीपातळीच्या वर आहे, हे तपासल्याशिवाय परवाना नूतनीकरण होऊ नये. वाचन मंदिराच्या दुर्मीळ संग्रहासाठी वरच्या मजल्यावरची कायमची जागा आणि छायाप्रतीकरणाला निधी मिळावा. आणि छोट्या दुकानदारांसाठी परवडणारा पूरविमा जिल्हा बँकेमार्फत सुरू व्हावा, कारण पंचनाम्यावर मिळणारी मदत चिखल काढणाऱ्या मजुरांच्या मजुरीलाही पुरत नाही.

सांडपाण्यावर फार लिहीत नाही. ते प्रक्रियेविना नदीत जाऊ नये आणि खाडीतल्या मासळीची मर थांबावी, एवढे पुरे. नदीत मगरी आहेत. पावसात त्या रस्त्यावर येतात, २०२४ मध्ये तर त्याची चित्रफीत देशभर फिरली. लोक हसले. आम्हाला धोकाफलक आणि वनखात्याचा चोवीस तास लागणारा फोन हवा आहे.

वरील मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि अमान्य असल्यास का, हे ३१ मार्चपूर्वी लेखी कळवावे. पाणी, गाळ आणि पूररेषा या तिन्हींसाठी एक समन्वय अधिकारी नेमून त्यांचे नाव, पद आणि दूरध्वनी क्रमांक त्याच उत्तरात द्यावा. जुलै २०२१ च्या आकड्यांचा तक्ता सोबत जोडावा. तो मिळेपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमचे प्रतिनिधी आपल्या कार्यालयात येऊन त्याची विचारणा करतील.

कळावे,
आपले विश्वासू,
चिपळूण शहरातील रहिवासी व व्यापारी